एकोणपन्नास जणांचं कलम

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज विधेयक छापायला गेलं. छापखान्याच्या माणसाने पोच दिली तेव्हा मी म्हणालो, "जपून ने, माझं शेंडेफळ आहे." तो हसला नाही. छापखान्यातल्या लोकांना विनोदसुद्धा छापूनच द्यावा लागतो.

महिनाअखेर मी निवृत्त होतोय. कायद्यांचे मसुदे लिहिण्यात एकतीस वर्षं गेली. एकशे चार कायदे माझ्या हातून गेले आणि त्यातलं एकही कलम सभागृहातून दुरुस्त होऊन परत आलेलं नाही. हे मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. लोकच सांगतात. नाही सांगितलं तर मी विषय काढतो.

हा एकशे पाचवा कायदा गुंतवणूक निधींचा. शे-दोनशे लोक आपली पुंजी एका माणसाच्या हाती देतात, तो ती कुठे कुठे गुंतवतो आणि नफा वाटतो, किंवा वाटत नाही. आजवर त्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं. आता नोंदणी करावी लागेल, दरवर्षी तपासणी होईल, लोकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतील. सगळ्यात देखणं कलम नववं. पन्नासहून कमी माणसांच्या निधीला यातून सूट. चार भावंडं, आठ मित्र मिळून काही करत असतील तर त्यांच्यामागे सरकारी ससेमिरा कशाला? पन्नासचा आकडा मी माझ्याच बावीस वर्षांपूर्वीच्या क्रीडामंडळांच्या कायद्यातून उचलला. तिथे तो आजही खणखणीत चालतोय.

आमच्याकडे मसुदा छापण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचायचा असतो. एकाने शब्द वाचायचे, दुसऱ्याने नुसती विरामचिन्हं. माझ्या जोडीदाराला त्यामुळे सगळा विभाग 'स्वल्पविराम' म्हणतो. नववं कलम संपलं तेव्हा तो "पूर्णविराम" म्हणाला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ स्तब्ध बसला. दाद म्हणतात ती ही. दहाव्या कलमाला त्याला खांद्याला धरून हलवावं लागलं.

निरोपसमारंभातलं साहेबांचं भाषणही मीच लिहिलं आहे. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. तेच म्हणाले, "तुमच्याबद्दल तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?" शेवटचं वाक्य असं आहे: 'एकतीस वर्षांत यांचं एकही कलम परत आलं नाही.' साहेबांनी कागद न वाचताच खणात टाकला. विश्वास आहे माणसाचा.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

विधेयक प्रसिद्ध झालं. एक प्रत घरी आणली आणि जेवताना हिला नववं कलम वाचून दाखवलं. ही म्हणजे माझी बायको. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आलेल्या प्रत्येक कॉलची वेळ टिपायची तिथली शिस्त, ती हाताला अशी लागली आहे की आजही फ्रिजवरच्या चिठ्ठीत आधी वेळ असते. '८.२०. दूध संपलं.' दूध संपल्याची वेळ कुणाला हवी आहे? पण बोलून उपयोग नाही. तुमच्या फाइलींवर पृष्ठक्रमांक असतात ते चालतं, माझी वेळ का खुपते, म्हणते.

कलम ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे एकोणपन्नास जण असले की बघायला कुणी येणार नाही?"

"सोप्या भाषेत सांगायचं तर तसंच."

"हं," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. साध्या माणसाला एका वाचनात कलम कळलं, याहून मसुदाकाराला काय हवं!

रविवार, ९ फेब्रुवारी

आज दिवसभर आमचा फोन मोकळा नव्हता. हिच्या एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणींचे एकामागून एक कॉल. या सगळ्यांनी निवृत्तीचे पैसे एका गृहस्थाच्या निधीत ठेवले आहेत. मी त्याला गोडबोल्या म्हणतो, पण माणूस नीटनेटका आहे. काल त्याची सगळ्यांना पत्रं आली. एकशे ब्याण्णव जणींचा जो एक निधी होता, त्याचे आता त्याने चार गट केले आहेत. निळा, पिवळा, हिरवा आणि लाल. ही निळ्यात आहे. पत्राचा कागदसुद्धा निळा.

"एकेका गटात अठ्ठेचाळीस जणी," ही म्हणाली.

मी म्हणालो, "उत्तम! लहान गट, सांभाळायला सोपे. कायदा यायच्या आधीच माणूस शिस्तीला लागला बघ. हा माझ्या विधेयकाचा धाक."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी अशी नजर अधूनमधून मिळते, हे माझं भाग्य. मग म्हणाली, "अहो, रंग चार आहेत, पण खाली सही एकाचीच आहे."

"मग किती जणांची हवी?" मी म्हणालो. "एक सही म्हणजे एक जबाबदार माणूस."

निळं पत्र तिने फ्रिजवर लावून ठेवलं आहे. दूध काढताना रोज दिसतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मंत्र्यांकडे बैठक. मंत्री सरळ बोलणारा माणूस आहे. म्हणाले, "वीस तारखेला अधिवेशन संपतं. त्याच्या आत मला हा कायदा हवाय. दुरुस्त्या एकसुद्धा नकोत. कुणी काही विचारलं तर उत्तर तयार ठेवा."

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांचा मसुदा आहे. आजवर एकही कलम परत आलेलं नाही." (मी विषय काढला नव्हता.)

सभागृहात आम्ही अधिकारी मंत्र्यांच्या मागे कठड्याआड बसतो. तिथून बोलायची सोय नाही, खोकायचं तेही बेताने. मंत्री अडले की मान वळवतात, आपण चिठ्ठी लिहायची, पट्टेवाला ती नेऊन देतो आणि मंत्री तेच स्वतःचं असल्यासारखं बोलतात. काही चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात. सगळ्यात जास्त खपते ती ही: 'सदस्यांची शंका गैरसमजातून आलेली आहे.' हे वाक्य अठरा वर्षांपूर्वी मी घडवलं. त्याला काहीही लागू पडतं. पाच मंत्र्यांनी वापरलं आणि एकदाही अडकलं नाही. आज त्याच्या दहा प्रती लिहून ठेवल्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ही माझा काळा कोट घेऊन शिंपीणबाईंकडे गेली होती. उजव्या खांद्याची शिवण उसवली आहे आणि निरोपाला तोच घालायचा आहे. या शिंपीणबाई दोन वर्षांपूर्वी निवडून सभागृहात गेल्या. विरोधी बाकांवर अगदी शेवटच्या रांगेत बसतात. पण दुकान बंद केलेलं नाही. सकाळी दुकान, दुपारी सभागृह. दोन वर्षांत त्या सभागृहात दोनदा बोलल्या, आणि दोन्ही वेळा पंखे नीट चालत नाहीत म्हणून.

एवढीशी शिवण, पण ही तीन तासांनी आली. तेही एकटी नाही, बरोबर दोन मैत्रिणी. म्हणाली, "दुकानात गर्दी होती." कोट मात्र उसवलेला होता तसाच परत आला. बायकांच्या गप्पांत काम राहून जातं ते असं. निरोपाला अजून अवकाश आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चर्चेचा पहिला दिवस. विरोधी नेत्यांनी तासभर भाषण केलं. त्यात विधेयकाबद्दल दहा मिनिटं, उरलेला वेळ मंत्र्यांच्या जुन्या भाषणांबद्दल. गैरसमजाच्या चार चिठ्ठ्या संपल्या. सहा उरल्या. स्वल्पविराम हळूच म्हणाला, "झालं तुमचं. एकशे पाच." छाती इतकी फुगली की उरलेली शिवण जाते की काय असं वाटलं.

उद्या कलमवार चर्चा आणि मतदान.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आजचं सगळं क्रमाने लिहितो. क्रमाशिवाय मला लिहिता येत नाही.

प्रेक्षकांच्या सज्जात आज कधी नव्हे ती गर्दी होती. चाळीस-पन्नास प्रौढ बायका एका रांगेत ताठ बसलेल्या. शिक्षिकांचा दौरा असावा. मी वाचायचा चष्मा लावला होता, लांबचे चेहरे धूसर. एकीने हात हलवला. माझ्यामागे बसलेल्या कुणाला तरी असणार म्हणून मी मागे पाहिलं, तर मागे भिंत.

आठ कलमं मंजूर झाली. नववं आलं आणि शेवटच्या रांगेतून शिंपीणबाई उभ्या राहिल्या. समोरच्या बाकांवर कुणीतरी म्हणालं, "पंखा चालू आहे हो!" हशा झाला. बाई हसू ओसरेपर्यंत थांबल्या. हातात एक कागद होता.

"अध्यक्ष महोदय, मला कायद्याचं फार कळत नाही. कापडाचं कळतं. समजा एका माणसाने एकशे ब्याण्णव बायकांचे पैसे घेतलेत. कायदा येतोय कळल्यावर त्याने त्यांचे चार गट केले. एकेकात अठ्ठेचाळीस. एकाला निळा म्हटलं, एकाला पिवळा. पैसे त्याच्याच हातात, सही त्याचीच. आता या कलमाप्रमाणे त्याला कुणी विचारणार आहे का नाही? मंत्र्यांनी एवढंच सांगावं. मला वाटतं, तागा एकच आहे, याने फक्त चार तुकडे केलेत."

मंत्र्यांनी मान वळवली.

साहेबांनी तयार चिठ्ठ्यांतली एक माझ्यापुढे सरकवली. 'सदस्यांची शंका गैरसमजातून आलेली आहे.' माझंच अक्षर, माझंच वाक्य. पट्टेवाला हात पुढे करून उभा.

निळा. अठ्ठेचाळीस. दहा दिवस ते पत्र माझ्या फ्रिजवर आहे. रोज त्याच्यासमोर उभा राहून मी दूध काढलं. माझ्या बायकोने मला दोनदा सांगितलं आणि मी दोनदा तिला शिकवलं. पन्नासचा आकडा क्रीडामंडळांसाठी ठीक होता, कारण खेळायला येणाऱ्या माणसांचे कुणी तुकडे करत नाही. मी माप जुनं आणलं आणि अंग बघितलंच नाही. ही शंका नव्हती, भोक होतं, आणि ते मी पाडलं होतं. मला लाज वाटली. इतकी की कान गरम झाले.

आणि तरीही, खरं लिहायचं तर, माझा हात त्या तयार चिठ्ठीवर होता. ती दिली असती तर कुणाला कळलं नसतं. मंत्र्यांनी वाचली असती, बाई बसल्या असत्या, आवाजी मतदान झालं असतं. एकशे पाच. आणि शुक्रवारपासून गोडबोल्याला कायद्याने हात लावता आला नसता. हिची तीस वर्षांची पुंजी, रात्रपाळ्यांची, एका सहीवर राहिली असती.

मी ती चिठ्ठी उलटी केली आणि मागे लिहिलं: 'सदस्यांचं बरोबर आहे. कलमात चूक आहे. चूक माझी. पंधरा मिनिटं मिळाली तर दुरुस्त करून देतो.'

साहेबांनी वाकून वाचलं आणि कुजबुजले, "वेड लागलंय का तुम्हाला? जाता जाता?"

"जाता जाता तरी," मी म्हणालो. कठड्याआडून एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज मोठ्याने निघाला. अध्यक्षांनीही वर पाहिलं.

मंत्र्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग आधीची बाजू वाचली. मग उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, सदस्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आलंय. उत्तर असं, की त्यांचं बरोबर आहे. पंधरा मिनिटं कामकाज थांबवावं."

बाजूच्या खोलीत बसायला वेळ नव्हता. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्याउभ्या लिहिलं. मंत्री एका खांद्याशी, शिंपीणबाई दुसऱ्या. पहिला मसुदा सात ओळींचा झाला. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "यातून माझ्यासारखीला बाहेर यायला वाट सापडायची नाही. त्या गोडबोल्याला मात्र सापडेल."

त्यांना हे नाव कुठून कळलं कोण जाणे. अशा माणसांना सगळीकडे तेच म्हणत असतील.

सात ओळी खोडल्या. मग लिहिलं: 'एकाच चालकाच्या हाती असलेले सगळे गट मिळून एकच निधी समजला जाईल.'

बाईंनी बोट ठेवून पुन्हा वाचलं. "हे मला कळलं," म्हणाल्या.

अकरा शब्द आहेत. मी मोजले. स्वल्पविरामाला शोधून आणलं आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं. त्याला शेवटच्या पूर्णविरामापर्यंत काहीच काम नव्हतं. या वेळी तो झोपला नाही. (तेव्हाही तो झोपला होता, हे मला आजच कळतंय.)

दुरुस्ती मांडली शिंपीणबाईंनी आणि स्वीकारली मंत्र्यांनी. दोन्ही बाजूंनी एकच होकार आला. सज्जात टाळ्या वाजवायला बंदी आहे, तरी त्या शिक्षिकांनी वाजवल्या. सुरक्षारक्षकाने त्यांना हात जोडून गप्प केलं.

माझं कलम परत आलं. विचित्र आहे, पण मला इतकं ताठ चालत घरी आल्याचं आठवत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काल हिला सगळं सांगितलं. म्हणालो, "तू सांगितलंस तेव्हाच ऐकायला हवं होतं. माझं चुकलं."

ती म्हणाली, "ऐकलंत ना शेवटी."

"तुझं नाही, शिंपीणबाईंचं ऐकलं. त्यांना तर तुझेच आकडे सुचले बघ. अठ्ठेचाळीस सुद्धा! काय योगायोग."

हिला एकदम ठसका लागला. पाणी दिलं.

साहेब आज दिवसभर बोलले नाहीत. विभागात कुजबुज आहे. कुणी म्हणतं म्हातारा हुकला, कुणी म्हणतं हिंमत केली. दोन्ही खरं आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

विधेयकाची फाइल कायमच्या दप्तरात जायची असते. त्याआधी तिच्यातल्या प्रत्येक कागदावर मसुदाकाराने स्वतः क्रमांक घालायचा असतो. सभागृहात सदस्यांनी ज्या कागदावरून वाचलं तोही त्यात येतो. आज सकाळपासून क्रमांक घालत बसलो होतो. एकशे सेहेचाळीसवर शिक्का मारला आणि पुढचा कागद घेतला.

शिंपीणबाईंचा कागद. मागच्या बाजूला कुणाच्या तरी बाहीचं माप. पुढच्या बाजूला वर, डाव्या कोपऱ्यात, '११.०५'. त्याखाली: 'निळा ४८, पिवळा ४८, हिरवा ४८, लाल ४८. हात एकच. सही एकच. विचारणार कोण?'

चौतीस वर्षं ते अक्षर मी दूध, साबण आणि विजेचं बिल यांवर वाचत आलोय.

एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसली. उसवलेलाच परत आलेला कोट. ठसका. सज्जातल्या शिक्षिका. एकशे ब्याण्णवांपैकी जितक्यांना जमलं तितक्या आल्या असणार. आणि जिने हात हलवला तिला मी उत्तर दिलं नाही, भिंत बघत बसलो.

माझ्यापाशी येऊन ती थकली, तेव्हा तिने दुसरं दार ठोठावलं. नवऱ्याला पाडायला नाही. काम व्हायला. ऑपरेटर होती ती, एक लाइन लागली नाही तर दुसरीवरून जोडून द्यायची हे तिला येणारच. मला राग यायला हवा होता का? शोधून पाहिलं, सापडला नाही. सापडला तो अभिमान, आणि या खेपेला तो माझा स्वतःचा नव्हता. इतकी वर्षं मी घरी येऊन कायदा समजावून सांगितला. घरात कायदा समजणारं माणूस आधीपासून होतं.

शिक्का उचलला. १४७. पुढचा कागद माझ्या अकरा शब्दांचा, खोडलेल्या सात ओळींसकट. १४८. हे दप्तर जाळायचं नसतं, हलवायचं नसतं. आम्ही दोघं नसू तेव्हाही तिचं अक्षर आणि माझं अक्षर एकामागे एक तिथे राहील, तिचं आधी. हे मला एकशे पाच कायद्यांपेक्षा मोठं वाटतं.

घरी आलो तर गोडबोल्याचं नवं पत्र. पांढऱ्या कागदावर. चारही गट 'सोयीसाठी' पुन्हा एक केले असून नोंदणीची तयारी सुरू आहे. पुंजी जागेवर आहे, तपासनीस पुढच्या महिन्यात येईल. हिने निळं पत्र काढून पांढरं लावलं. मी दूध काढताना ते दोनदा वाचलं. दप्तरातल्या तिच्या कागदाचा विषय मात्र मी काढला नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी साहेब यायच्या आत त्यांच्या खोलीत गेलो. खणातून भाषण काढलं, शेवटचं वाक्य खोडलं आणि वर नवं लिहिलं. माझ्या एकतीस वर्षांतली शेवटची दुरुस्ती.

समारंभात साहेबांनी भाषण पहिल्यांदाच वाचलं, ते सगळ्यांदेखत. शेवटाला आले, खोडाखोड दिसली, थबकले. मग चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं: "एकतीस वर्षांत यांचं एकच कलम परत आलं. चूक यांची होती, ती शोधली यांच्या बायकोने, आणि ते दुरुस्त करायला मिळालं याचा यांना अभिमान आहे."

मग स्वल्पविराम म्हणाला, "पूर्णविराम!" आणि टाळ्या सुरू झाल्या.

ही शेवटच्या रांगेत बसली होती. आज मी लांबचा चष्मा नेला होता. तिचा चेहरा स्वच्छ दिसला. ती रडत होती आणि हसत होती, आणि मला तिचं दोन्ही आवडलं. मी हात हलवला. तिने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग पुन्हा माझ्याकडे बघून तिने डोळे मोठे केले, म्हणजे तो हात कुणासाठी होता हे तिला कळलं आणि माझी खोडीही कळली.

हात उंच केला तेव्हा कोटाची उरलेली शिवणही गेली. बाही घेऊन घरी आलो.

संध्याकाळी बाग शिंपून आत आलो तर फ्रिजवर पांढऱ्या पत्राशेजारी चिठ्ठी. '६.४०. कोट शिवायचा राहिला. उद्या शिंपीणबाईंकडे दोघं जाऊ?'

मी खिशातलं पेन काढलं, घड्याळात पाहिलं आणि खाली लिहिलं: '६.५२. जाऊ.'